गल्लीचं नाव कुणी ठेवलं?

या पानांवर आपण कवितेची समीक्षा करतो, कथेची करतो. कुणाच्या ओळीत विद्रोह किती आणि नुसता आवाज किती हे मोजतो. या वेळी मी पाटीची समीक्षा करणार आहे. गल्लीच्या तोंडाला खांबावर ठोकलेली, अर्धी गंजलेली, वर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली पाटी. तिच्यावर दोनच शब्द असतात. पण आपल्यासारख्यांच्या बाबतीत जग आधी तेवढेच दोन शब्द वाचतं आणि बाकीचा माणूस वाचायची त्याला गरज वाटत नाही.

मी डोंबिवली एम.आय.डी.सी.त कापड रंगवायच्या मिलमध्ये जिगर खात्यात काम करतो. पहिल्या दिवशी ठेकेदाराचा कारकून फॉर्म भरत होता. माझं आडनाव असं की ते कुठल्याही जातीत सापडतं. त्यानं दोनदा विचारलं, स्पेलिंग विचारलं, पण त्याला काही लागेना. मग म्हणाला, "राहायला कुठं?" कल्याण पूर्व. "पूर्वेला कुठं?" सिद्धार्थ नगर. "अच्छा," म्हणाला आणि पेन खाली ठेवलं. मी पत्ता दिला आणि त्याला पत्ता लागला.

त्या 'अच्छा'वर मी दोन वर्षं कविता लिहायला बघितली. झाली नाही. म्हणून हा लेख.

आधी शब्द घेऊ. ठाण्या-कल्याणातली जुनी वस्ती आळी, वाडा, पाडा, पाखाडी, नाका अशा शब्दांवर उभी आहे. आळी म्हणजे ओळ, घरांची रांग. संस्कृतातल्या 'आवली'च्या घरातला शब्द. पाखाडी म्हणजे गावाचा तुटक भाग, चार-आठ घरांचा पुंजका. कोकणात ती वस्ती वाडीनं आणि पाखाडीनंच मोजतात. ठाण्याचं पाचपाखाडी त्यातलंच. पाडा म्हणजे मूळ गावापासून बाजूला पडलेली वस्ती, बहुतेक करून आदिवासींची, आगऱ्यांची. नाका म्हणजे जिथं जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवून जकात घ्यायचे ती जागा. जकात गेली, नाका राहिला. आता तिथं सकाळी मजूर उभे राहतात आणि मुकादम निवडून घेऊन जातो.

हे झालं शब्दाचं मागचं अर्धं. पुढचं अर्धं जास्त बोलतं. ठाण्यात खारकर आळी आहे आणि धोबी आळी आहे. कल्याणात कासार हाट आहे, कुंभारवाडा आहे, भोईवाडा आहे. डोंबिवलीत फडके रोड आहे, गुप्ते रोड आहे. नुसती ही नावं एकाखाली एक लिहून काढा आणि बघा. खारकरांना आडनाव आहे, फडक्यांना आडनाव आहे, गुप्त्यांना आहे. धोब्याला नाही, भोयाला नाही, कुंभाराला नाही. एका माणसाच्या नावानं अख्खा रस्ता, आणि दुसरीकडं अख्ख्या वस्तीला मिळून एकच धंदा. त्या आळीत कपडे धुणारा कुणी एक माणूस होता, त्याचं काही नाव असेल, तो गात असेल, भांडत असेल, गावाला त्याची गरज नव्हती. गावाला धुतलेले कपडे पाहिजे होते.

आणि जुन्या शहरावर लिहिणारे काय लिहितात? दिवाळी अंक बघा, सोसायटीच्या स्मरणिका बघा, पेपरच्या रविवारच्या पुरवण्या बघा. साचा ठरलेला. तळ्याची पाळ, देवळाची घंटा, टांग्याचा आवाज, आणि मग हमखास ते वाक्य: इथं कासार राहत, तिथं शिंपी राहत, पलीकडं कोळी राहत, सगळे गुण्यागोविंदानं नांदत. मी या लिखाणाचा वैरी नाही. मसुंद्याच्या पाळीवर मी पण बसतो, भेळ खातो. पण समीक्षा करायची तर क्रियापद तपासलं पाहिजे. 'राहत' हे क्रियापद खोटं आहे. माणसं तिथं 'ठेवलेली' होती. कुंभाराला वाटलं म्हणून तो उठून फडक्यांच्या शेजारी घर बांधू शकत होता का? नव्हता. मग ते राहणं कसलं? गुण्यागोविंदातला गोविंद कोणाच्या बाजूला होता ते गावकुसाबाहेरून दिसायचं.

हेच लिहिणारे आळ्यांची यादी करताना धोबी आळीपर्यंत येतात, कुंभारवाड्यापर्यंत येतात आणि थांबतात. महारवाडा यादीत येत नाही. यादी शहराची असते ना, आणि तो शहराबाहेर होता. न छापणं ही पण एक लेखनशैलीच आहे.

आता डोंबिवली. हे प्रकरण मला फार आवडतं.

आपल्या भागातली गावं बघा: आंबिवली, नांदिवली, नेतिवली. लोकलच्या दुसऱ्या रुळावर बोरिवली, कांदिवली. शेवटचं 'वली' हे जुन्या 'पल्ली'चं रूप, म्हणजे खेडं, वस्ती. आंबिवलीत आंबा आहे, बोरिवलीत बोर आहे. मग डोंबिवलीत काय आहे? डोंब आहे. शहराचं नाव डोंबांच्या वस्तीवरून पडलं असं जुनी माणसं सांगतात, शहराच्या माहितीत ते छापूनसुद्धा येतं. डोंब म्हणजे मसणवट्यात चिता रचणारा, हरिश्चंद्राच्या गोष्टीत राजा ज्याच्याकडं विकला गेला तो. त्याच्या सावलीलासुद्धा लोक बाजूला व्हायचे.

आणि तेच नाव आज सुशिक्षितांचं, नाटकवाल्यांचं, गाणंवाल्यांचं, साहित्य संमेलनवाल्यांचं शहर म्हणून मिरवतं. फडके रोडवर दिवाळी पहाटेला नवे कपडे घालून पोरं-पोरी उभी राहतात तेव्हा एकाच्याही मनात येत नाही की आपण डोंबाच्या नावाखाली उभे आहोत. कुणी 'डोंबिवलीकर' म्हणून ओळख करून देताना लाजत नाही, उलट छाती पुढं काढतो. मला यात गंमत वाटते ती अशी की, म्हंजे नावात तसं काही नसतं! डोंबाचं नाव घेऊन सुद्धा माणूस सन्मानानं जगू शकतो, फक्त त्या नावाखाली डोंब राहत नसला पाहिजे. जमिनीचा भाव वर गेला की नाव आपोआप शुद्ध होतं. गोमूत्र लागत नाही.

याच डोंबिवलीत पश्चिमेला 'गरीबाचा वाडा' नावाची वस्ती आहे. मी पहिल्यांदा रिक्षावर वाचलं तेव्हा वाटलं कुणीतरी थट्टा केली. नाही, तेच नाव. कुणी ठेवलं असेल ते असो, पण अख्ख्या शहरात एवढं सरळ बोलणारी दुसरी पाटी मला सापडली नाही.

आता सरकारी मजकुराकडं येऊ. २ डिसेंबर २०२० ला राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं आणि ११ डिसेंबरला सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय निघाला, की गावांतल्या, शहरांतल्या वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायची. उदाहरणं दिली होती: महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली. त्यांच्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची.

मी त्या दिवशी सेकंड शिफ्टला होतो. मोबाईलवर आलं तेव्हा आम्ही चौघं-पाच जण खूश झालो, खोटं कशाला बोलू. माझ्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर राहण्याचं ठिकाण म्हणून 'महारवाडा' लिहिलेलं आहे. जात वेगळ्या रकान्यात आहेच, वर पत्त्यातही आहे. एकाच कागदावर दोनदा. ते नाव जावं असं ज्याला वाटत नाही त्यानं तो दाखला घेऊन एकदा कुठल्या तरी खिडकीसमोर रांगेत उभं राहून बघावं.

पण खुशी ओसरल्यावर मी तो निर्णय कविता वाचतो तसा वाचला. पहिला प्रश्न, बौद्धवाडा त्या यादीत कसा? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या माणसांनी जे नाव स्वतः होऊन घेतलं, जे सांगताना आजीच्या आवाजात फरक पडायचा, ते नाव जातीचं कसं झालं? मला उत्तर माहीत आहे आणि तुम्हालाही. गावानं तोंडानं बौद्धवाडा म्हटलं आणि मनात महारवाडाच ऐकला, आणि सरकारनं गावाचं मन ऐकून यादी केली. धर्म बदलला तरी पत्ता बदलू दिला नाही, याची ती लेखी कबुली आहे.

दुसरा प्रश्न, ब्राह्मणवाडा आणि मांगवाडा एका ओळीत. समान न्याय दिसतो. ठाण्यात नौपाड्याला ब्राह्मण सोसायटी आहे. रिक्षावाल्याला सांगा, बरोबर नेऊन सोडतो. नाव सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही, आणि त्या पत्त्यामुळं कुणाची नोकरी अडत नाही. एका नावानं फ्लॅटची किंमत चढते, दुसऱ्यानं पोरीचं स्थळ मोडतं. दोन्ही 'जातिवाचक' म्हणायचं म्हणजे ताप आणि थर्मामीटर दोघांनाही एकच गोळी द्यायची.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. सुचवलेली नावं बघा. भीम नगर, समता नगर, क्रांती नगर. ही नावं सरकारनं शोधली का? अरे, ही तर आपलीच! ठाण्यात वर्तकनगरला भीमनगर कधीचं आहे. कल्याणात वालधुनीला अशोक नगर आहे, पश्चिमेला मिलिंद नगर आहे, पूर्वेला आमचं सिद्धार्थ नगर आहे. ज्या जागेला कुठल्या नकाशात नाव नव्हतं, जिथं पत्रा ठोकला की दुसऱ्या दिवशी तोडायला यायचे, तिथं आपल्या बापजाद्यांनी नाव आधी लावलं आणि नळ मागून मागितला. गावाकडं सातारा-पुणे भागात तर आपल्या लोकांनी महारवाड्यालाच 'राजवाडा' म्हणायला सुरुवात केली. त्यातला टोमणा बघा. राजा नाही, वाडा नाही, पावसात चार ठिकाणी गळतंय आणि नाव राजवाडा. एवढा चांगला उपरोध मी छापील पुस्तकात क्वचित वाचला. आता तो राजवाडाही एखादा ग्रामसेवक पुसून तिथं समता नगर लिहील, आणि आपण टाळ्या वाजवू.

नावासाठी आपल्या माणसांनी काय भोगलंय ते विसरू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंना मारलं. नाव पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, आणि तेही अर्धं, नामांतराचा नामविस्तार होऊन. विद्यापीठाच्या पाटीला साडेपंधरा वर्षं. मग हजारो वस्त्यांच्या पाट्या एका कागदानं इतक्या सहज बदलायला निघतात तेव्हा मला शंका येते. जे देताना सवर्णांचं काहीच जात नाही तेच पटकन मिळतं.

काय जात नाही? जमीन जात नाही.

चेंदणी कोळीवाड्याकडं बघा. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, आणि कोळीवाडा आज रुळांच्या दोन्ही अंगाला आहे. कोळीवाडा हेही जातीचंच नाव. पण कोळी ते पुसा म्हणत नाहीत. ते म्हणतात आमच्या कोळीवाड्याची हद्द मोजा, सीमांकन करा. बरोबर आहे त्यांचं. नाव हा त्यांचा दावा आहे, की इथं खाडीकाठी आम्ही आधीपासून आहोत. महागिरीचे कोळी तेच सांगतील.

महारवाड्याच्या नावालाही जमीन बांधलेली होती. महार वतन. गावची वेठ करायची आणि बदल्यात तुकडाभर जमीन. ती दोरी गळ्यातून काढायला बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. ती कायद्यानं तुटायला १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतनं नष्ट करण्याचा कायदा यावा लागला. त्या कायद्यानं जमीन वतनदारांना परत द्यायची सोय झाली आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला देता येणार नाही अशी अट पडली. आता सांगा, गाव शहरात गेलं, शेताचे प्लॉट पडले, प्लॉटचे टॉवर झाले, तर ती जमीन कुठं होती हे शोधणारा पोरगा आधी काय शोधणार? जुना नकाशा, सातबारा आणि वस्तीचं जुनं नाव. म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे, आणि कुणी मला गोंधळलेला म्हटलं तरी चालेल. पत्त्यातून, दाखल्यातून, तोंडातून महारवाडा गेला पाहिजे, आजच गेला पाहिजे. दप्तरातून एक अक्षर जाता कामा नये. पाटी बदला, पण जुनी पाटी भंगारात घालू नका, ती आपला पुरावा आहे.

कामगार म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, थोडी बाजूची आहे. ठाण्यात बसच्या कंडक्टरच्या तोंडची नावं ऐका: नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज. डोंबिवलीत घरडा सर्कल. रेमंडची लोकर मिल १९२५ सालची, तिच्यावरून पोखरण रोडला जेकेग्राम हे नाव पडलं. मिल २००९ ला बंद झाली. आता तिथं टॉवर उभे आहेत, पण जेकेग्राम अजून जेकेग्रामच. जातीच्या आळ्या होत्या तशा या भांडवलाच्या आळ्या. मालकाचं नाव कारखाना बंद झाल्यावरही राहतं. तीन-तीन पाळ्यांत तिथं आयुष्य घासलेल्या माणसांच्या नावाचा एक साधा बसथांबा दाखवा. कल्याणशेजारी उल्हासनगरात तर माणसांना नंबरच मिळाले. लढाईच्या काळातल्या लष्करी छावण्या, फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित आणले, आणि पत्ता आजही कॅम्प नंबर एक ते पाच.

आता स्वतःकडं. समीक्षा दुसऱ्याचीच करायची असेल तर ती शिवीगाळ होते.

आपण वस्त्यांना नावं दिली ती थोर दिली. मिलिंद म्हणजे कोण? ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा, मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला त्याचं नाव दिलं ते तो राजा होता म्हणून नव्हे, तो विचारणारा होता म्हणून. त्याच्या नावाची वस्ती कल्याणात आहे, हे सांगितलं की अंगावर काटा येतो. पण त्या वस्तीतल्या दहावीच्या पोराला विचारा मिलिंद कोण. मी माझ्या सिद्धार्थ नगरात विचारून बघितलं, "सिद्धार्थ म्हणजे बुद्ध" एवढं येतं, पुढं गाडी नाही. मुंबईतलं १९४६ चं सिद्धार्थ कॉलेज बाबासाहेबांनी का काढलं, सकाळची कॉलेजं नोकरी करणाऱ्या पोरांसाठी कशी होती, हे मला स्वतःला कळलं ते बाविसाव्या वर्षी, पाळीच्या सुट्टीत वाचून. आपण नाव लावलं, वर निळा झेंडा लावला, वर्षातून दोनदा रंग दिला. नावाचा अभ्यास केला नाही. अशोक नगर म्हणायचं आणि दर पावसाळ्यात वालधुनीचं पाणी घरात घ्यायचं, यात सम्राटाचा काय मान राहिला?

दुसरी चूक जास्त जवळची. मोठ्या नावाखाली आपण आपल्या माणसांची छोटी नावं गाडली. वस्तीचं नाव सिद्धार्थ नगर, पण आतल्या गल्ल्या? एक, दोन, तीन, चार. पोस्टमननं दिलेल्या. मोबाईलच्या नकाशात तर 'अनामिक रस्ता' असं येतं. अनामिक! तिथं पाचशे माणसं राहतात.

येऊरच्या डोंगरापलीकडं कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचा एक सोनार आहे, स्वामिदत्त. त्यानं भिक्खूसंघाला पाण्याचं टाकं दिलं. दगडावर त्याचं नाव आहे, गाव आहे, धंदा आहे, आणि त्यानं काय दिलं तेही आहे. दीड-पावणेदोन हजार वर्षं झाली. धंदा तिथंही लिहिलाय, पण माणूस खाऊन नाही लिहिला. धोबी आळीतल्या धोब्याला जे मिळालं नाही ते या सोनाराला बुद्धाच्या दारात मिळालं. आपल्या वस्तीत पहिलं पाणी ज्यानं आणलं त्याचं नाव आपण कुठं कोरलं?

घाई आहे. ठाण्यात किसननगरपासून क्लस्टर सुरू झालंय, कल्याण-डोंबिवलीत बिल्डरची माणसं फाईल घेऊन गल्लीबोळांतून फिरताहेत. पत्रे उतरले, टॉवर चढला, की गेटवर हाइट्स, रेसिडेन्सी, पॅराडाईज असलं काहीतरी चकचकीत येईल, आणि नवीन पिढीतला कुणी म्हणेल बरं झालं, आता कारकुनाला पत्ता लागणार नाही. त्याला मी दोष देणार नाही. मीही त्या खिडकीसमोर उभा होतो.

म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आहे. रविवारी, पाळी नसली की, एकेका गल्लीत जाऊन विचारतो: हिला आधी काय म्हणायचे, का म्हणायचे, पहिलं घर कुणाचं. ठाण्याला, डोंबिवलीला कुणी अशी वही केली तर आपण ताडून बघू. आवाजावरून अर्थ मात्र लावू नका. पोखरण रोड म्हटलं की कॉलेजची पोरं राजस्थानातला अणुस्फोट सांगतात, आणि तिथं पोखरण म्हणजे साधा पाण्याचा तलाव आहे. विचारा, दोघातिघांना विचारा, मग लिहा.

आमच्या तीन नंबरला मी 'नळाची गल्ली' लिहून घेतलं होतं. सगळे तसंच सांगत होते. कोपऱ्यावरच्या मावशी उंबऱ्यात लसूण सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "खोड ते. नळ लई मागून आला. आधी हिला रांगेची गल्ली म्हणायचे." कसली रांग? म्हणाल्या, "टँकरची. रात्री दोनला लागायचो. तुझी आजी माझ्या पुढं असायची." मी खोडलं. मग म्हणाल्या, "खोडू नको, दोन्ही ठेव. वरती रांग लिही, खाली नळ."